सिस्टरांचं नवं खातं

दुपारी सव्वातीन वाजता फाइलकाकांनी चहाचा रिकामा कप खाली ठेवला आणि घरातल्या कॉम्प्युटरला शिस्त लावायचं ठरवलं. ही वेळ ध्यानात ठेवा, कारण पाच वाजेपर्यंत सिस्टरांना त्याच कॉम्प्युटरवरून चाळीस पानं पाठवायची होती.

सिस्टर म्हणजे काकांच्या पत्नी. एकतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढून त्या निवृत्त झाल्या आणि मग वर्षभर दोन बोटांनी टाइप करत त्यांनी शिकाऊ नर्सांसाठी एक पुस्तिका लिहिली. नवजात बाळाला कसं उचलावं, कोणतं रडणं भुकेचं आणि कोणतं काळजीचं, असं सगळं. नर्सिंग कॉलेज ती छापणार होतं. "पाचला सगळा मजकूर छापायला जाणार," मेट्रनबाईंनी फोनवर बजावलं होतं. "चुकलं तर पुढच्या वर्षीच." वरच्या मजल्यावर दहा दिवसांचं बाळ होतं. त्याच्या आईला अंघोळ कशी घालायची ते दाखवायला सिस्टर गेल्या होत्या. आल्यावर शेवटची नजर फिरवून पानं धाडायची, एवढंच उरलं होतं.

फाइलकाका एका मोठ्या ऑफिसात चौतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळत होते. त्यांच्या हातून एकही कागद हरवला नाही. (मागितलेल्या दिवशी एकही सापडलाही नाही, पण तो वेगळा मुद्दा.) फाइल मागायला येणाऱ्याला ते चष्म्यावरून पाहत आणि दोनच शब्द बोलत, "उद्या या." अशा माणसाला बिनकुलपाचा कॉम्प्युटर कसा सहन व्हावा? दोघांची दोन खाती, आणि दोन्ही सताड उघडी.

काकांनी साइन-इनच्या पर्यायांचं पान उघडलं. पासवर्ड, पिन, बोटाचा ठसा. एवढी कुलपं फुकट मिळताहेत म्हटल्यावर काका खुलले. स्वतःच्या खात्याला त्यांनी अंगठा दिला आणि वर पिनही लावला. सिस्टरांच्या खात्याला मात्र वीस अक्षरांचा असा पासवर्ड दिला की चोराने जन्मभर डोकं आपटावं. तो लिहून ठेवायला ते पेन शोधायला उठले. पेन सापडलं तोवर पासवर्ड डोक्यातून गेला होता.

दुसरा कोणी इथे घाबरला असता. काका घाबरले नाहीत, कारण त्यांच्याकडे ऑफिसातली खात्रीची रीत होती. फाइलचं कव्हर फाटलं की ते काढून टाकायचं, नवं घालायचं आणि त्यावर वळणदार अक्षरात तेच नाव लिहायचं. त्यांनी सिस्टरांचं खातं काढून टाकलं. फाइली ठेवायच्या की पुसायच्या, असं कॉम्प्युटरने विचारलं. "पुसायच्या" या शब्दानेच काकांच्या अंगावर काटा आला आणि त्यांनी "ठेवा" दाबलं. (दिवसभरात त्यांनी केलेलं हे एकमेव शहाणपण.) मग त्याच नावाचं नवं खातं काढलं, स्वतःच्या खात्यातून बाहेर पडले आणि ऐटीत नवं उघडलं.

आत काहीच नव्हतं. एक निळा पडदा आणि कोपऱ्यात कचऱ्याची टोपली. जुन्या फाइली काकांच्या खात्यात जाऊन बसल्या होत्या आणि इथून त्यांना हात लावू म्हटलं तर "तुम्हाला परवानगी नाही" असं उत्तर येत होतं. काका घाईने स्वतःच्या खात्याकडे वळले. अंगठा टेकवला. नाकारला. पुसून टेकवला. नाकारला. चौतीस वर्षं जिभेला लावून पानं उलटल्यावर त्या अंगठ्यावर रेघा अशा उरल्याच नव्हत्या. मघाशी नोंद झाली हेच नवल. आता घामाने उरल्यासुरल्याही गेल्या. पिनसाठी त्यांनी आपलं रजिस्टर उघडलं. त्यात नोंद होती, "पिन : जुना नंबर पाहावा." कुठला जुना नंबर, ते लिहिलेलं नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटांनी सिस्टर आल्या.

"काय झालं?"

"काही नाही."

"एरवी 'काही नाही' म्हणताना तुम्ही उठून उभे राहत नाही."

त्यांनी काकांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत सगळी हकिकत ऐकून घेतली. काका रडकुंडीला आले होते. वर्षभर ही बाई पाठ धरून टाइप करत होती आणि आपण तासाभरात सगळ्यावर बोळा फिरवला, हे त्यांना सहन होईना.

"नाडी एकशे बारा," सिस्टर म्हणाल्या. "बसा आधी. पाणी प्या. पिन कुठला ठेवलात?"

"जुना नंबर. पण स्कूटरचा लावला, फोनचा लावला, जुन्या घराचा लावला..."

"अहो, तुमचा एकच जुना नंबर आहे." सिस्टरांनी चार आकडे दाबले. कॉम्प्युटर उघडला.

"हा कुठला?"

"केसपेपरचा. माझी बाळंतपणाकडे बदली व्हायच्या आधी, पुरुषांच्या वॉर्डात अपेंडिक्सला होतात ना. तेरा दिवस मनगटावर होता तुमच्या. बँकेच्या कार्डालाही तोच लावलाय तुम्ही."

त्या तेरा दिवसांतले शेवटचे आठ ते निव्वळ या सिस्टरांसाठी राहिले होते.

सिस्टरांनी फोल्डर शोधला आणि त्याला कोणाकोणाची परवानगी आहे, ती यादी उघडली. सिस्टरांचं नाव असायला हवं तिथे "अनोळखी खातं" असं होतं आणि पुढे एस अक्षरापासून सुरू होणारा लांबलचक आकडा.

"कोणीतरी घुसलंय," काका कुजबुजले.

"कोणी घुसलं नाही. ही मीच आहे." सिस्टर हसल्या. "वॉर्डात बाळ जन्मलं की आम्ही पहिल्यांदा काय करायचो? मनगटाला नंबर बांधायचो. नाव बारशाला ठेवतात, आवडलं नाही तर बदलतात. नंबर तोच. या कॉम्प्युटरनेही मला नंबर बांधला होता, तुम्ही तो कापून फेकलात. आता त्याच नावाचं दुसरं बाळ आणून म्हणताय, ही तीच. वॉर्डात असं केलं असतंत तर पोलीस आले असते."

काका तोंडाचा आ करून बघत राहिले. आपण चौतीस वर्षं नावं लिहिली आणि कॉम्प्युटर नाव विचारतच नाही, हे या बाईला दोन मिनिटांत उमगलं होतं. पुढे तर त्या नुसत्या वाचत गेल्या. प्रत्येक ओळ बोट ठेवून, इंजेक्शनच्या बाटलीवरचं लेबल वाचावं तशी, आणि वाचून झाल्यावरच बटण. काका नेहमी आधी बटण दाबत आणि मग वाचत. सिस्टरांनी फोल्डरचा मालक बदलला, नव्या खात्याला परवानगी दिली आणि नव्या खात्यातून फाइल उघडली. चाळीसच्या चाळीस पानं जागेवर होती. पाचला सात मिनिटं कमी असताना ती मेट्रनबाईंकडे पोचली.

"तुझ्यापुढे हात टेकले," काका मनापासून म्हणाले.

"टेका. आणि एक सांगते. खातं काढून टाकलंत ना, नवा पासवर्ड द्यायचं बटण त्याच पानावर होतं."

दुसऱ्या दिवशी काका अंकांचं कोडं सोडवायला बसले. कोडं ऐन रंगात आलेलं असताना पडदा काळा झाला आणि अक्षरं उमटली : "तुमचा आजचा वेळ संपला. अधिक वेळ हवा असल्यास घरातल्या मोठ्या माणसाची परवानगी घ्या." कॉम्प्युटरचा कारभार आता सिस्टरांच्या खात्याकडे होता आणि काकांचं खातं त्यांनी लहान मुलांसाठीच्या रकान्यात टाकलं होतं.

काकांनी तक्रार केली नाही. रीतसर अर्ज लिहिला, विषय घातला, कारण नमूद केलं, खाली सही केली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. सिस्टरांनी तो सबंध वाचला, घडी करून डब्याखाली ठेवला आणि चष्म्यावरून काकांकडे पाहिलं.

"उद्या या," त्या म्हणाल्या.