टॅमरॅक पार्कातली चुनाचोरी

ऑर्विल हाउगेनच्या मते जगात अस्सल गुप्तहेर फक्त दोन झाले, आणि त्यातला दुसरा कोण हे अजून ठरायचं होतं. "माझी नजर भिंतीपलीकडचं बघते," असं तो भेटेल त्याला सांगायचा. "खोटं बोलणाऱ्याचा मला लांबून वास येतो. मेंदूबद्दल मी स्वतः काही बोलत नाही, ते बरं दिसत नाही." नोकरीत असताना त्यानं मॉलच्या दारावर पहारा केला होता आणि एक चोर पकडलाही होता. तो चोर म्हणजे किल्ली विसरलेला मॉलचा मॅनेजर होता, एवढा तपशील मात्र तो गाळत असे.

निवृत्त झाल्यावर ऑर्विल टॅमरॅक पार्कात स्वयंसेवक म्हणून दाखल झाला, म्हणजेच पार्काची व्यवस्थापक मार्लिस एंगेन हिच्या नशिबी आला. विस्कॉन्सिनमधल्या त्या छोट्याशा गावाचं जुनं वैभव मार्लिस एकहाती सांभाळत होती: एक पाणचक्की, एक लोहाराची भट्टी आणि एका खोलीची लाकडी शाळा. चक्कीचं आणि भट्टीचं बरं चाललं होतं, शाळेच्या मात्र जिवावर बेतलं होतं.

कारण नगरपरिषदेतले डुवेन क्रॅमर. या गृहस्थांना बेसबॉलच्या मैदानासाठी पार्किंग हवं होतं आणि ते नेमकं शाळेच्या जागेवर हवं होतं. "जुनी कसली डोंबलाची? मूळची शाळा केव्हाच पडली," असं ते गावभर सांगत सुटले होते. "ही नंतर नव्या फळ्या ठोकून केलेली नक्कल आहे." शनिवारी राज्याच्या वारसा मंडळाच्या बाई पाहणीला येणार होत्या. त्यांनी शाळा अस्सल ठरवली तर ती राहणार, नाहीतर बुलडोझर. मार्लिसची आई त्या शाळेत शिकलेली, आणि तिथलं खिडकीचं तावदान न् तावदान मार्लिसनं स्वतःच्या हातानं बसवलेलं. ती शाळा गेली तर आपल्याला या गावात करमणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून यंदा तिनं हट्टच धरला. दुकानातला रंग बंद! आधीचे सगळे थर खरवडून काढायचे आणि पूर्वी लावायचे तसाच चुना लावायचा, त्याच पद्धतीनं कालवलेला. शाळा बगळ्यासारखी पांढरी झाली. आणि सोमवारी सकाळी बघते तर पूर्वेच्या भिंतीचा खालचा चुना गायब! छातीच्या उंचीपर्यंत उघडं लाकूड, वर सगळं जसंच्या तसं. तिनं पुन्हा लावला, तो पुन्हा गेला.

"हात लावू नकोस!" ऑर्विल धावत आला. खिशातून भिंग काढून त्यानं भिंत बघितली, मग भिंग सुलट धरून पुन्हा बघितली. "चोर बुटका आहे. छातीच्या वर त्याचा हात पोचत नाही."

"ऑर्विल, चुना कोण कशाला चोरेल?"

"हाच प्रश्न चोराला तू विचारावास अशी त्याची इच्छा आहे. म्हणून मी तो विचारत नाही." त्यानं एकदम जीभ काढली आणि भिंतीला लावली. मार्लिसनं डोळे मिटून घेतले.

"खारट," ऑर्विल गंभीरपणे म्हणाला. "आणि ओलसर. मार्लिस, हे अश्रू आहेत. चोर रडत रडत चोरी करतोय. त्याला पश्चात्ताप होतोय, पण सवय सुटत नाही."

"अरे, चुन्यात मीठ आम्हीच घातलंय. जुन्या पद्धतीत घालतात."

"आणि त्यावर अश्रू पडले, म्हणजे खारटात खारट. चोर हुशार आहे." त्यानं भिंग खिशात टाकलं. "गावात बुटकं आणि रडकं कोण आहे?"

बुटक्या आणि रडक्या होत्या बेकरीवाल्या मिसेस लुंड. त्या लग्नात रडत, बारशात रडत, कोणी नुसतं 'पाव छान झालाय' म्हटलं तरी डोळ्याला पदराऐवजी एप्रन लावत. ऑर्विलनं काउंटरवर वाकून विचारलं, "सोमवारी पहाटे कुठं होता?" मिसेस लुंडना रडू कोसळलं. "पाहिलंस?" तो मार्लिसच्या कानात कुजबुजला. पहाटे त्या बेकरीत पाव भाजत होत्या आणि अर्ध्या गावानं त्यांना पाहिलं होतं, तेव्हा त्याला माघार घ्यावी लागली. माघार घेताना त्यानं त्यांच्याकडून चेरीचा केक मात्र घेतला.

मग त्याचा संशय शेजारच्या गावाच्या इतिहास मंडळावर गेला, मग पाणचक्कीतल्या बदकांवर, आणि गुरुवारी दुपारी तर खुद्द मार्लिसवर. "वाईट वाटून घेऊ नकोस, पण शाळेच्या किल्ल्या तुझ्याकडेच असतात."

"भिंतीला बाहेरून किल्ली लागते का रे, बावळटा?"

"हे तू फार पटकन बोललीस," ऑर्विल म्हणाला आणि विचारात पडला.

मार्लिसला हसावं की रडावं कळेना. शुक्रवारी तिनं शेवटचा हात दिला आणि ऑर्विलला बजावलं, "उद्या बाई येईपर्यंत इथून हलू नकोस. एवढं एक काम नीट कर."

"पाळत अशी ठेवतो की खुद्द भिंतीलाही कळणार नाही," त्यानं वचन दिलं.

शनिवारी सकाळी मिसेस ओस्टरहाउट, मंडळाच्या बाई, चिखलानं माखलेल्या गाडीतून उतरल्या. मागोमाग क्रॅमर आले, सूट घालून. मार्लिस दोघांना घेऊन पूर्वेच्या बाजूला वळली आणि जागीच खिळली.

हिरवळीवर मोकळी चरणारी पार्काची तांबडी गाय, बर्था, भिंतीला खेटून उभी होती. ती मन लावून भिंत चाटत होती. खाली बरीचशी भिंत स्वच्छ झाली होती. आणि बर्थाच्या पोटाशी उकिडवा बसून, तिच्याकडे पाठ करून, ऑर्विल दुर्बिणीतून रस्ता न्याहाळत होता.

"शूऽऽ!" तो मागे न वळता म्हणाला. "आडोशाला गाय आणलीय. रोज आणतो. अजून चिटपाखरू फिरकलेलं नाही, तरी चुना चाललाय! म्हणजे चोर अदृश्य आहे!"

मिसेस ओस्टरहाउट हसता हसता गवतावर बसल्या. "अहो, मीठ घातलंत ना चुन्यात? गाय चाटणारच की!"

मार्लिसचा चेहरा पडला. दुकानातल्या रंगाला बर्थानं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. अस्सलपणाच्या हट्टापायी आपणच गायीला मेजवानी वाढली आणि शाळेचं वाटोळं केलं! क्रॅमर खूश होऊन म्हणाले, "बघितलंत? ही यांची देखभाल. शाळा नकली, वर गाईचं उष्टं!"

पण मिसेस ओस्टरहाउट हसायच्या थांबल्या होत्या. गुडघ्यांवर रांगत त्या भिंतीपाशी गेल्या आणि उघड्या लाकडावरून त्यांनी हळूच तळहात फिरवला. मग मार्लिसचा हात धरून तिथं ठेवला. फळ्या मधोमध खोलगट होत्या, जुन्या उंबऱ्यासारख्या गुळगुळीत. इतकी वर्षं ते रंगाच्या थरांखाली दडलं होतं, आणि या आठवड्यात चोराच्या मागे लागून कोणी नीट पाहिलंच नव्हतं.

"क्रॅमरसाहेब, या फळ्या नव्या म्हणालात ना? लाकूड एवढं झिजवायला एका गाईची जीभ पुरत नाही, गाईंच्या पिढ्या लागतात. आत मुलं पाढे म्हणत होती तेव्हा बाहेर गाई हीच भिंत चाटत होत्या. शाळा अस्सल आहे. ती इथंच राहील."

"अहो, पण मग गाड्या कुठं लावायच्या?"

"लांब," मिसेस ओस्टरहाउट म्हणाल्या. "आणि मार्लिस, माझी एक अट आहे. दर वसंतात हाच चुना लावायचा. गाईला अडवायचं नाही. ही भिंत तिचीच आहे."

मार्लिसच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. किती दिवसांनी तिला इतकं हलकं वाटत होतं. ऑर्विलनं दुर्बीण खाली केली, क्रॅमरांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं आणि म्हणाला, "मी पहिल्या दिवसापासून गाईवर नजर ठेवून होतो."

"पाठ करून?" मार्लिसनं नाक पुसत विचारलं.

"तिला संशय येऊ नये म्हणून."

मार्लिसनं बादली उचलली, चुना भिजवायला घेतला, आणि या खेपेला मीठ जरा सढळ हातानं घातलं.