दोन बेल म्हणजे चला

"भरलेल्या बसला जन्मभर शिस्त लावली मी! एवढंसं कुत्रं म्हणजे काय?" कंडक्टर म्हणाला, आणि कुणी मागितला नसताना शब्दही देऊन बसला. "येत्या रविवारी सकाळी या. बेल वाजवा. त्याच्या तोंडून नुसतं 'हूं' जरी निघालं, तर मी स्वतः त्याला दुसरीकडे सोडून येईन!"

इमारतीचे सचिव मान हलवून जिना उतरले. कंडक्टरला नोकरी सोडून बरीच वर्षं झाली होती, पण लोक त्याला कंडक्टरच म्हणत आणि त्यालाही दुसरं नाव आवडत नसे.

बायको दाराआडून सगळं ऐकत होती. "बसमधली माणसं तुमच्या शिस्तीनं गप्प नव्हती हो. उभं राहून राहून त्यांचा जीव गेलेला असायचा! आणि सोडून येईन म्हणे. कुणाला विचारून?"

"अगं, तशी वेळच येणार नाही!"

कुत्रं बायकोला जिन्याखाली सापडलं होतं. अंग चोरून बसलं की जुन्या कपड्यांचं बोचकं वाटे, म्हणून नाव पडलं बोचकं. चमचा पडला तरी ते कपाटामागे जाई. आणि दाराची बेल वाजली, मग ती कुणाच्याही दाराची असो, की असा गळा काढी, जणू घरातला कर्ता माणूस गेला! वरच्या मजल्यावरचं तान्हं दचकून उठे, त्याची आई सचिवांकडे जाई आणि सचिव कंडक्टरकडे येत. रडताना मात्र बोचकं धावत येऊन कंडक्टरच्या नडगीला सगळं अंग चिकटवून उभं राही. "अरे, सोड की!" कंडक्टर ओरडे. पाय मात्र हलवत नसे.

मैदानावर एक बाई कुत्र्यांना शिकवायची. कंडक्टरनं तिला गाठलं.

"काका, घाई करू नका," ती म्हणाली. "बेलचा आवाज आधी बारीक करा, मग हळूहळू वाढवा. घाबरलं की थांबा. शांत बसलं की लगेच खाऊ द्या. ते नुसतं गप्प नको व्हायला, त्याला उमेद यायला हवी. आपल्या हातून काहीतरी जमतं, असं त्याला वाटायला हवं. आणि एक सांगते, तुमच्या स्वतःच्या सवयी त्यात घुसडू नका."

शेवटचं वाक्य कंडक्टरच्या कानावर पडलं, पण आत गेलं नाही.

त्यानं बेलवर कापूस कोंबला. बायकोला दाराबाहेर उभं केलं. "एक बेल दे!" आतून हुकूम सुटला. बेल घसा बसल्यासारखी किरकिरली. बोचकं थरथरलं, पण खाली बसलं. लगेच बिस्किटाचा तुकडा! रोज थोडा थोडा कापूस निघत गेला, आणि आठवडा सरायच्या आत बोचकं पूर्ण आवाजाला ताठ मानेनं बसू लागलं. ना रडणं, ना पळणं. गोष्ट इथं थांबली असती, तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

पण एक बेल देऊन पुढच्या दोन न देणं म्हणजे कंडक्टरला शिंक अर्धी अडकल्यासारखं व्हायचं! जन्मभर एका बेलला बस थांबली होती आणि दोन बेलला निघाली होती. आता नुसतं थांबायचं म्हणजे काय? "उमेद नको का यायला?" असं म्हणत त्यानं फाटकाजवळच्या कट्ट्यावर बिस्किटं ठेवली आणि बोचक्याला नवा धडा दिला. दोन बेल वाजल्या की दार उघडायचं, आणि त्यानं एकट्यानं जिना उतरून फाटकापर्यंत जायचं. जे कुत्रं उंबऱ्याला घाबरे, ते शेपटीचा झेंडा करून जिना उतरू लागलं!

"अहो, पण एखाद्या पाहुण्यानं दोनदा वाजवली तर?" बाहेर उभं राहून पाय दुखलेल्या बायकोनं विचारलं.

"बेलला हात लावायचा अधिकार एकट्या कंडक्टरचा! प्रवासी कधी बेल वाजवतो का?"

"दार आहे हे. बस नाही."

"तू वाजव गं!"

रविवार उजाडला. सचिव इस्त्रीचे कपडे घालून आले आणि त्यांनी बेल वाजवली. एक.

बोचकं बसलं. हूं नाही की चूं नाही. कंडक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ! अगं, बघ तरी! देवळातल्या दगडासारखं बसलंय!" तो बघतच राहिला आणि दार उघडायचं विसरला.

बाहेर सचिवांना वाटलं, घरात कुणी नाही. त्यांनी पुन्हा बेल दाबली. जरा घाईनं. एकापाठोपाठ एक, दोन!

बोचकं उठलं. आणि कंडक्टरचा हातही उठला! दोन बेल ऐकल्यावर तो हात कुणाला विचारत बसत नसे. खाडकन दार उघडलं गेलं. बोचकं बाणासारखं सचिवांच्या दोन पायांमधून निघालं. सचिव अंगानं भारदस्त. एक पायरी ते कुत्र्यावर स्वार होऊन उतरले, बाकीच्या बसून.

फाटकाशी आज बिस्किटं नव्हती. पण समोरच्या थांब्यावर बस उभी होती आणि तिच्या कंडक्टरनं दोन बेल दिल्या. बोचकं क्षणभरही विचार न करता बसमध्ये चढलं!

"एक बेल! एक बेल द्या!" बनियनवर धावत कंडक्टर ओरडत होता. बस निघून गेली. अशाच बसमागे धावणाऱ्या किती म्हाताऱ्यांना त्यानं मागे सोडलं असेल, ते त्या धुरात त्याला एकदम आठवलं.

डेपोत पोचेपर्यंत त्याचा दम उखडला होता. बोचकं ड्रायव्हरच्या शेजारी ऐटीत बसलेलं, भोवती सगळा डेपो.

"काका, कुत्रं तुमचं? काय शिकवलंय हो!" बसचा कंडक्टर म्हणाला. "एका बेलला बसतं, दोन बेलला उठतं. गर्दीला भीत नाही, कुणावर भुंकत नाही. आमच्या नव्या भरतीला तुमच्याकडे पाठवू का?"

जन्मभरात डेपोतल्या कुणी त्याला एवढं चांगलं म्हटलं नव्हतं. छाती फुगवून तो बोचक्याला घेऊन घरी आला. सचिव खुर्चीत तिरपे बसले होते, कमरेला गरम पाण्याची पिशवी.

"साहेब, पण हूं केलं का त्यानं? सांगा!" कंडक्टर म्हणाला.

"नाही. हूं मी केलं!" सचिव कळवळून म्हणाले. "अहो, मी सांगायलाच आलो होतो. आठवडाभर आवाज नाही, वरची मंडळी खूश आहेत, कुत्रं राहू दे. वहिनी, खरंच हेच सांगायला आलो होतो. पण आता काय सांगू? उद्या ते वरचं तान्हं चालायला लागेल, आणि हे असं जिन्यावरून सुटलं तर?"

बायकोनं कंडक्टरला एक शब्दही सुनावला नाही. ती बोलली असती, तर बरं झालं असतं.

शिकवलेलं पुसायचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला. बेल काढून टाकली, कडी बसवली. लोक कडीही दोनदा वाजवत. शेवटी डेपोतल्या पहारेकऱ्यानंच बोचक्याला ठेवून घेतलं.

पुढच्या रविवारी दोघं नवरा-बायको डेपोत गेली. बोचकं गाड्यांच्या रांगांमधून आरामात चालत आलं, शेपटी हलवली आणि समोर नीट बसलं. पाठीमागे एका बसचं टायर फटकन फुटलं, तरी त्याचा कानसुद्धा हलला नाही.

"बघ!" कंडक्टर म्हणाला. "अंगावर उडी नाही, पायात घुटमळणं नाही. किती शहाण्यासारखं बसलंय!"

"हो," बायको म्हणाली. "परक्यांसमोर बसतात तसं."

कंडक्टर भिंतीवरचं वेळापत्रक वाचत उभा राहिला. ते त्याला पाठ होतं.