टेंपोभर कारली

जावयाने सासरी यावं, चार घास खावेत, निघावं. आमचे जयसिंगराव त्यांच्या घराचं रंगकाम काढलं म्हणून मुक्कामालाच आले आणि पहाटेपासून भिंतीकडे तोंड करून हंबरायला लागले.

"पोटातून आवाज काढतोय, आई."

"दुखतंय का?"

दुखत नव्हतं. नारायण पेठेत त्यांचा नाटकाचा वर्ग. मुख्य काम मिळालं होतं, पण सरांनी बजावलं होतं, "आवाज तयार आहे, अंगही वळतं. चेहरा मात्र काही बोलत नाही. रविवारपर्यंत बोलला नाही, तर काम दुसऱ्याला."

मग आरशाचा सराव निघाला. समोरचा माणूस करील ते आपण तसंच्या तसं करायचं. मी डोळे वटारले, तर यांनीही वटारले! जावई पडले, बोलता येईना. म्हटलं, "मार्केट यार्डात चला माझ्याबरोबर. तिथं माणसांना तोटा नाही."

माझा गाळा कांदा-बटाट्याचा. शेजारी कारल्यांचा लिलाव चालला होता. मच्छिंद्र व्यापारी बोली कधी तोंडाने लावत नाही. कानाची पाळी चोळतो, पुकारणारा भाव चढवतो. जयसिंगराव नेमके त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

मच्छिंद्रने कान चोळला. यांनी चोळला. त्याने पुन्हा चोळला. यांनीही.

"काय पाव्हणं, हट्टालाच पेटलाय का?" मच्छिंद्र तापला आणि कान लाल होईस्तोवर चोळत राहिला. शेवटी त्याने हात खिशात घातले. यांनीही घातले. पण आरसा मागून चालतो. शेवटचा कान यांचाच होता.

"टेंपोभर कारली, सोजरबाईंच्या जावयाला!" पुकारा झाला.

"आई, मी नुसता सराव करत होतो हो!"

"असू दे. आमच्या घरची बोली आजवर माघारी गेलेली नाही."

निम्मी कारली कशीबशी खपली. उरलेली पिवळी पडायच्या आत संपवायची होती. माझ्या लेकीने, विजयमालाने भरली कारली केली, तळली, चिंचगुळात घातली, नुसती परतली. सासूने वाढलेलं जावयाने पानात टाकायचं नाही, ही रीत जयसिंगरावांनी पाळली. तेवढं वळण आहे.

शनिवारी जेवताना मी विचारलं, "कशी झालीत?"

"वा! छानच!" ते म्हणाले. डावी भुवई कपाळात चढली होती, उजवा डोळा मिटला होता, हनुवटी थरथरत होती. विजयमाला पदरात तोंड घालून आत पळाली.

मी आणखी एक कारलं वाढलं.

"जावईबापू, उद्या सरांकडे जाताना डबा घेऊन जा. चेहरा बोलायला लागलाय तुमचा. फक्त तोंडाशी त्याचं पटत नाही."