न बसणाऱ्या टाकीचं प्रकरण

मामाच्या मते जगात खरे गुप्तहेर तीनच. पहिला तो स्वतः, दुसरा त्याला अजून सापडलेला नाही, आणि तिसरा इतका गुप्त आहे की त्याचं त्यालाही ठाऊक नाही. "माझ्या नजरेतून धुळीचा कण सुटत नाही," असं तो चष्म्यावर बोटभर धूळ घेऊन सांगायचा. आजवर त्याने एकच प्रकरण तडीस नेलं होतं, ते म्हणजे हरवलेल्या चष्म्याचं. तपास दोन दिवस चालला. चष्मा कपाळावर आहे हे शेवटी दूधवाल्याने सांगितलं.

हे सगळं सुतळीला तोंडपाठ होतं. सुतळी ही त्याची भाची. वय पंधरा, नाव अंगकाठीवरून पडलेलं, आणि शाळा सुटली की मामाची बिनपगारी सहाय्यक. सुतळीची आई मोटारसायकली दुरुस्त करायची. खाली आईचं गॅरेज, वर घर, आणि गच्चीवरच्या खोलीत मामाचं कार्यालय. या कार्यालयात आजवर अशील म्हणून फक्त कबुतरं आली होती.

पण त्या शनिवारी प्रकरण स्वतःच्या पायांनी खालच्या मजल्यावर आलं.

दातांचे डॉक्टर गाडी न्यायला आले होते, सोबत त्यांच्या रायडर मंडळातले दोघं. पेट्रोलची टाकी साफ करायची म्हणून आईने ती परवा उतरवली होती. आता ती परत बसवायची, एवढंच काम उरलं होतं. आईने मागची बाजू अडकवली, पुढे दाबली, बोल्ट हातात घेतला आणि थांबली. पुन्हा दाबली. बोल्ट आणि भोक भांडलेल्या जावांसारखे बोटभर अंतर ठेवून होते.

"बसत का नाही?" डॉक्टर म्हणाले.

"तेच बघतेय."

"ही माझी टाकी नाहीच. माझी टाकी बसायची."

"डॉक्टर, परवा काढली, तेव्हापासून इथेच आहे."

"मग काय दोन दिवसांत वयात आली?" त्यांनी सोबतच्या दोघांकडे पाहिलं. "माझी नवी टाकी काढून भलतीच लावताय तुम्ही. याला चोरी म्हणतात."

डॉक्टरांनी जाताजाता सांगितलं, की तीन आठवड्यांनी रविवारी मंडळाची सहल आहे. तोवर माझी टाकी परत द्या, नाहीतर बाराच्या बारा गाड्या दुसरीकडे जातील. बारा गाड्या म्हणजे गॅरेजचं निम्मं काम. पण आईला लागला तो चारचौघांत ऐकलेला 'चोरी' हा शब्द. ती कितीतरी वेळ फडक्याला हात पुसत राहिली, आणि हात तर मघाशीच स्वच्छ झाले होते.

मामा जिन्यावरून धाडधाड खाली आला. "ताई, घाबरू नकोस. मी आहे."

"म्हणूनच घाबरतेय," आई म्हणाली.

मामाने तपास लगेच हाती घेतला, म्हणजे वही हाती घेतली. पेन सुतळीचं घेतलं. "सहाय्यक, लिही. टाकी मोठी झाली, असं सगळे म्हणतात. कोणी असा विचार केला का, की गाडी लहान झाली?"

"नाही, मामा."

"म्हणूनच ते गुप्तहेर नाहीत." शिवणकामाची टेप घेऊन त्याने गाडी मोजली. मग लक्षात आलं, की ती आधी किती होती हे कुणालाच माहीत नाही. तरी त्याने वहीत नोंद केली: गाडी आक्रसली असावी. कारण, भीती.

दुसरा संशय समोरच्या सायकलवाल्यावर गेला. मामाने त्याला एका डोळ्याने न्याहाळत विचारलं, "टाकी कुठे लपवलीस?"

"साहेब, माझ्याकडे सायकली येतात. टाकी घेऊन करू काय, त्यात मासे पाळू?"

मामाने लिहून घेतलं: मासे. अत्यंत संशयास्पद.

तिसरा धागा त्याला टाकीवरच मिळाला. डॉक्टरांनी हौसेने टाकीवर हसऱ्या दाढेचं स्टिकर लावलं होतं. त्यावर बारीक बारीक फोड आले होते, दाढेला कांजिण्या झाल्यासारखे. "बनावट," मामा म्हणाला. "अस्सल दाढेला फोड येत नाहीत."

सुतळीला मात्र एक गोष्ट आठवली. आई गाडीचा मोठा भाग सुटा करताना तो पुठ्ठ्यावर ठेवायची, भोवती पेन्सिल फिरवायची, आणि बोल्ट ज्या जागेचा त्याच जागी पुठ्ठ्यात खोचायची. काम झालं की पुठ्ठा फळीवर. डॉक्टरांची गाडी गेल्या वर्षी अगदी नवी असताना एकदा आली होती, आणि तेव्हाही टाकी उतरवली होती. सुतळीने फळीवरचे सगळे पुठ्ठे खाली काढले, दोनदा शिंकली, आणि तो शोधला.

टाकी पुठ्ठ्यावर ठेवली. पेन्सिलीची रेघ चहूबाजूंनी टाकीखाली दडून गेली.

मामा आनंदाने जागच्या जागी उडाला. "सिद्ध झालं. ही ती टाकी नाहीच. टाकी बदललेली आहे."

"म्हणजे चोरी झालीच?" आईने विचारलं.

"शंभर टक्के."

"आपल्या गॅरेजमधून?"

"अर्थात."

"गॅरेज कोणाचं आहे रे?"

मामा हळूहळू स्टुलावर बसला. तपास इतका सुरेख झाला होता, की सख्खी बहीण तुरुंगाच्या दारापर्यंत पोचली होती. डॉक्टरांनासुद्धा एवढं जमलं नव्हतं.

आता बाजी पलटवायची तर डॉक्टरांचीच उलटतपासणी घेणं भाग होतं. सोमवारी मामा रुग्णाच्या वेषात, म्हणजे नेहमीच्याच कपड्यांत, दवाखान्यात शिरला. खुर्चीत बसून पहिला प्रश्न विचारायला त्याने तोंड उघडलं, आणि डॉक्टरांनी त्यात कापूस, आरसा आणि एक वळणारी नळी घातली.

"आ आआ आ आआ?" मामाने दरडावलं.

"हो, थोडं दुखेल," डॉक्टर म्हणाले.

सुतळी बाहेरच्या बाकावर होती. तिथे नंबर लावणाऱ्या मावशी एका आजोबांना फैलावर घेत होत्या. "कवळी पाण्यात ठेवा म्हटलं होतं ना? कुठे ठेवलीत?"

"कपाटात. इस्त्रीच्या कपड्यांत," आजोबा म्हणाले. दात नसल्यामुळे ते हे फार मऊ आवाजात म्हणाले.

"मग कशी बसेल? प्लास्टिक आहे ते. पाण्यात असलं की पाणी पिऊन जरासं फुगतं, सुकलं की आक्रसतं. डॉक्टर रोज दहा जणांना हेच सांगतात."

सुतळी ताडकन उठली. "मावशी, प्लास्टिक पेट्रोल पण पितं?"

"ते मला काय विचारतेस? पेट्रोल विकणाऱ्याला विचार."

सुतळी धापा टाकत गॅरेजात आली आणि एका दमात सगळं सांगितलं. आई ऐकता ऐकता पाना खाली ठेवून उभी राहिली.

"नुसत्या पेट्रोलने नाही होणार," ती म्हणाली. "पण हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं येतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या पाइपांचं रबर खराब करतं, हे मला माहीत होतं. काही प्लास्टिक त्याने फुगत असणार. आजवर सगळ्या टाक्या लोखंडाच्या पाहिल्या, ही पहिलीच प्लास्टिकची. वर्षभर फुगत गेली, पण बोल्टनी आवळून धरली होती. मी बोल्ट काढले, आणि जेवण झाल्यावर पट्टा सैल करावा तशी पसरली." मग तिने दाढेच्या फोडांवरून बोट फिरवलं. "हे पण त्याचंच. वाफ आतून झिरपते आणि स्टिकरखाली अडकते."

संध्याकाळी डॉक्टर गॅरेजवर आले, पण ऐकायलाच तयार नव्हते. "कारणं सांगू नका," ते दारातूनच म्हणाले.

"डॉक्टर," सुतळीने विचारलं, "कवळी कोरडी राहिली तर काय होतं?"

"आक्रसते," डॉक्टर सवयीने म्हणाले, आणि मग आपल्याच रुग्णांसारखं तोंड उघडं ठेवून उभे राहिले.

टाकी पूर्ण रिकामी करून, झाकण काढून गच्चीवर सावलीत वाऱ्याला ठेवली. खाली तोच पुठ्ठा. डॉक्टर रोज सकाळी दवाखान्याआधी येऊन स्वतःच्या हाताने टाकीभोवती नवी रेघ मारायचे. चार दिवस रेघ हलली की नाही, यावर वाद झाला. आठव्या दिवशी वाद उरला नाही. संशयित पळून जाऊ नये म्हणून मामा शेजारी स्टूल टाकून पहारा देत होता. वास असह्य झाला की तो नाक मुरडत म्हणायचा, "गुन्हेगार कबुली देतोय." विसाव्या दिवशी आईने टाकी गाडीवर ठेवली, पुढे जरा दाबली, आणि बोल्ट टक्कन आत गेला. मामाने वहीत शेवटची नोंद केली: गुन्हेगार इथेनॉल. सध्या हवेत. शोध माझा.

रविवारी सकाळी गॅरेजपुढे अकरा गाड्या धडधडत उभ्या होत्या. बारावीवर डॉक्टर, हेल्मेट घालून तयार. ते आईजवळ झुकून हळूच म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी जे बोललो, ते चुकलंच."

"मला कशाला सांगता?" आई म्हणाली. "ज्यांच्यासमोर बोललात, त्यांना सांगा."

डॉक्टर वळले. हेल्मेटच्या आतून बराच वेळ काहीतरी गुरगुरल्यासारखं ऐकू आलं. अकराही जणांनी माना डोलावल्या, कारण कुणालाच काही कळलं नव्हतं.

आईने एकेक करत अकराही गाड्या बंद करायला लावल्या. रस्ता चिडीचूप झाला.

"आता," ती म्हणाली, "हेल्मेट काढून."