स्विचवरचा माणूस

स्थळ बघायला गेलं की कोणी पगार विचारतं, कोणी गोत्र. आमच्या राजपुऱ्यातले शेजारी वसंतकाका पोह्यांची बशी हातात धरून विचारतात, "ह्या घरात स्विचवर कोन हाय?"

समोरचे बिचारे भिंतीवरच्या बटणांकडे बघतात. काका तीस वर्षं वीज खात्यात लाइनमन होते. ते खांबावर, हातात तार, आणि खाली कोसभर लांब एक माणूस स्विचपाशी बसलेला. "त्यानं चुकून खटका वर केला का आपलं भजं!" असं ते हसत सांगतात. तेव्हापासून जगातली कुठलीही गोष्ट ते याच एका प्रश्नाने तपासतात. डॉक्टर, नवरदेव, सरकार, कोणालाही सूट नाही.

सुमनकाकू गेल्यावर पुतण्याने त्यांना कोकणात नेलं. तिथे समुद्रात पाण्याखाली नेऊन आणतात. पाठीवर टाकी नाही, काही नाही. वर होडीत हवेचं मशीन, तिथून लांब नळी, नळीचं टोक तोंडात. काका एकदम खूश. "तीस वर्षं वर चढलो, आता एकदा खाली जाऊन पाहू दे मले!" पट्टा बांधला, चष्मा चढवला, आणि ऐन वेळी विचारलं, "मशीनवर कोन हाय?"

मशीनवरचा पोरगा मोबाइलमध्ये व्हिडिओ बघत होता. काका पट्टा सोडून होडीत बसून राहिले. समुद्रावर जाऊन कोरडा परत आलेला माणूस म्हणून पुढे वर्षभर गल्लीने त्यांची थट्टा केली. पंक्चरवाला रफीक म्हणाला, "काका, माझ्या कंप्रेसरची हवा घ्या ना." काका गंभीरपणे म्हणाले, "ती टायरची हवा हाय भैया. तेलाची वाफ असते तिच्यात. टायरले फेफडे नसतात, मले हायेत."

पण नाद सुटला नाही. इंदूरचा एक ट्रेनर त्यांनी शोधून काढला. मग ते मला वरचेवर शिडी धरायला बोलवू लागले. कधी पंखा पुसायचा, कधी माळ्यावरचा डबा काढायचा. मी शिडी धरायचो आणि काका वरून पंख्याऐवजी माझ्याकडेच बघायचे. ही माझी परीक्षा चालली होती हे मला सहा महिन्यांनी कळलं, जेव्हा ते म्हणाले, "मास्तर, रविवारी स्विचवर तू."

चांदनी गावाजवळ त्यांच्या साडूचा केळीचा मळा आहे. तिथल्या शेततळ्यात जेमतेम दीड पुरुष पाणी. ट्रेनरने आधी तासभर शिकवलं. श्वास कधीही रोखायचा नाही. कान दडपले की नाक चिमटून हलकेच फुंकायचं, दुखलं तर तिथेच थांबायचं. वर येताना घाई नाही. काकांनी सगळं दोनदा म्हणून दाखवलं. मग बांधावर उदबत्ती लावून वाऱ्याची दिशा बघितली आणि इंजिनचा धूर हवा ओढायच्या तोंडाकडे जाऊ नये म्हणून मशीन स्वतः फिरवून ठेवलं. ट्रेनर बघतच राहिला. माझा मोबाइल काकांनी काढून घेतला आणि जेवणाच्या डब्यात बंद केला.

त्यांच्या डाव्या मनगटाला एक लांब निळी नाडी कायम गुंडाळलेली असते. कोणी म्हणतं दर्ग्यावरचा धागा, कोणी म्हणतं शनीचा. तिच्याच वर त्यांनी दोरी बांधली. दुसरं टोक माझ्या हातात. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे वर घे. जो झटका येईल तोच उलट द्यायचा.

गळ्याइतक्या पाण्यात ते बराच वेळ उभे राहिले. ओठ निळे पडले होते. मला वाटलं, आजही कोरडेच परतणार.

"मास्तर, हायेस ना?"

"आहे, काका."

ट्रेनरने त्यांचा दंड धरला आणि दोघं खाली गेले.

मग सगळं शांत झालं. मशीनची एकसुरी घरघर तेवढी होती, पण थोड्या वेळाने तीही ऐकू येईनाशी झाली. हिरव्या पाण्यात केळीच्या पानांतून पडलेली उन्हं हलत होती. खालून बुडबुडे यायचे, फुटायचे, पुन्हा यायचे. एक म्हातारा माणूस खाली शांतपणे श्वास घेतोय आणि तो श्वास मला दिसतोय, याचं मला फार नवल वाटलं. त्याच्याबरोबर मीही नकळत तसाच श्वास घेऊ लागलो.

एक झटका आला. मी एक दिला. थोड्या वेळाने पुन्हा एक. पुन्हा. काम काहीच नाही, नुसता एक. मग बराच वेळ काही नाही. बुडबुडे येत होते, पण मला ते पुरेनात. तेवढ्यात दोरी हलली. एकच.

दहा मिनिटांनी काका सावकाश वर आले. बांधावर टॉवेल गुंडाळून बसले.

"सारखं काय ओढत होता, काका?"

ते नाडीशी चाळा करत राहिले. "तुझ्या काकूची वाचा गेली होती ना लकव्यानं. मंग तिच्या खाटेपासून माझ्या हातापर्यंत ही नाडी बांधली होती. दोन झटके म्हणजे पानी, तीन म्हणजे उठव. पन ती जास्ती करून एकच ओढायची. मी जाऊन विचारलं का हसायची. काही नको राहायचं तिले. मी हाये का, एवढंच पाहायची. मंग मी बी बसल्या जागेवरून एक द्यायचो."

केळीत वारा शिरला. काका पाण्याकडे बघत होते.

"ती गेल्यावर बी खाटेले बांधून ओढून पाहतो कधी कधी. खाट हालते नुसती. आज उलट झटका आला, मास्तर."

मी दोरी गुंडाळायला घेतली, तर दुसरं टोक अजून त्यांच्या मनगटालाच होतं. ते सोडायला मला हात पुढे करवेना. मी बसल्या जागेवरून हलकेच एक झटका दिला.

काकांनी माझ्याकडे न बघता एक परत दिला.