अर्धा सेकंद आधी

आमच्या वसुधाताई 'हॅपी बर्थडे' सगळ्यांच्या आधी संपवतात. बाकीचे अजून वाढदिवसवाल्याच्या नावापर्यंत पोचत असतात, तोवर यांच्या टाळ्या सुरू. आरतीतही तेच. कुणी हळूच सुचवलं, तर म्हणतात, "मी बरोबर आहे. तुम्ही मागून या."

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या टाकानिनी उपनगरात आमची दोघींची घरं एका भिंतीने जोडलेली. ताई निवृत्त नर्स, वय एकाहत्तर, पायात बारा महिने जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. न्यू लिनच्या मॉलमध्ये त्यांच्याबरोबर जाऊ नये. दर दहा पावलांवर कुणीतरी माओरीतला नमस्कार करत "किया ओरा, सिस्टर" म्हणून थांबवतं आणि ताई त्याच्या गुडघ्याची चौकशी करत बसतात.

दर शनिवारी दुपारी तीनला भिंतीपलीकडे डिस्को सुरू होतं. गाणं एकच, तीन गायिकांच्या एका ग्रुपचं, एके काळी जगभर गाजलेलं. पुण्यात नर्सिंगच्या होस्टेलवर असताना ताई, मालती आणि शैला या तिघींनी ते तबकडीवरून बसवलं होतं. मालती पुढे, या दोघी मागे. "टाळ्या पुढचीला," ताई सांगतात, "पण मागच्या दोघी नसल्या तर ती नुसती ओरडते." शैला आता नाही. मालतीबाई पुण्यात अंथरुणाला खिळलेल्या. म्हणून हा व्हिडिओ कॉल, तिकडचा सकाळचा चहा झाल्यावर.

पंचाईत अशी, की ताईंचं "ऊऽऽ" मालतीबाईंच्या ओळीआधीच येऊन जातं. माझी लेक डोळे फिरवते. "आई, शी इज अर्ली अगेन. हीप्स अर्ली." इथल्या पोरांचं हीप्स म्हणजे खूपच. मी माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते, त्यामुळे मलाही राहवेना. ताईंच्या टॅबलेटवर ताल मोजणारं ॲप घालून दिलं. त्यांनी मला चहा पाजला आणि मी घरी पोचायच्या आत ॲप काढून टाकलं.

परवा त्यांनीच मला हाक मारली. मालतीबाईंच्या सुनेने तिकडच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं गाणं पाठवलं होतं आणि ते उघडत नव्हतं. मी उघडून दिलं. मालतीबाईंचा थकलेला पण ठाम आवाज, आणि त्याच्याखाली ताईंचं "ऊऽऽ", अगदी जागच्या जागी. केसाइतकाही फरक नाही.

"ताई, हे जुळलं कसं?"

"आवाज तिकडे पोचायला वेळ लागतो ना. आधी मी माझ्या कानाला बरोबर वाटेल तशी गायचे. तिला ते उशिरा ऐकू जायचं. मध्येच थांबायची. म्हणायची, वसू, दुखण्यात माझा तालही गेला गं. मग तिने गाणंच सोडलं. दोन महिने." ताईंनी चष्मा पुसला. "तेव्हापासून मी आधी निघते. आता सवयच लागली, कुठेही आधीच निघते."

"त्यांना सांगितलंत?"

"काय सांगायचं? तिचा ताल होताच जागेवर."

अशा बाईच्या भिंतीला भिंत लावून मी राहते, याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

रेकॉर्डिंग संपलं. मी टॅबलेट त्यांच्या हातात द्यायला गेले, तर त्यांनी तो माझ्याकडेच सरकवला.

"इकडे मला नेहमी विस्कटलेलंच ऐकू येतं गं," त्या म्हणाल्या. "होस्टेल सोडल्यापासून आज पहिल्यांदा बरोबर ऐकलं. परत लाव."