सुकलालभाऊंच्या डावीकडचं पाणी

सुकलालभाऊ पाणबुडीचा गेम डोळे मिटून खेळतात. तेही उभ्याने. खुर्ची बाजूला सारलेली, कानांवर हेडफोन, एक हात माऊसवर आणि पाय जागच्या जागी चाललेले. पडद्यावर हिरवा-निळा समुद्र उसळत असतो, टॉर्पेडो सुटत असतात. ते सगळं बघायचं काम माझ्याकडे, कारण मी शेजारी राहतो आणि शाळा सुटल्यावर मला दुसरा उद्योग नाही.

"डोळे उघडून खेळा की भाऊ," असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो.

"डोया फसाडतस, मास्तर," ते म्हणाले. "कान फसाडत नहीत."

हा माणूस पासष्टीला टेकलाय आणि मी त्याला बसलेला कधी पाहिला नाही. चहा उभ्याने, जेवण उभ्याने. माझ्याकडे आले की ओट्यावर येरझारा सुरू. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं तरी आपल्यालाच कुठेतरी निघायचंय असं वाटायला लागतं. माझी बायको म्हणते, भाऊ येऊन गेले की घर पुन्हा जागेवर बसायला तास लागतो.

भाऊ इथल्या, म्हणजे नवापूरच्या, एका पोल्ट्रीवर सुपरवायझर आहेत. अंडी देणाऱ्या आठ हजार कोंबड्या, लांबलचक शेड आणि दोन्ही बाजूंना पिंजऱ्यांच्या रांगा. शेठ त्यांना ठेवतो ते त्यांच्या कानासाठी. रोज दिवेलागणीनंतर भाऊ शेडमधले दिवे घालवतात, पंखे बंद करतात आणि कोंबड्या निवांत झाल्या की रांगांमधून ऐकत चालतात. आठ हजारांत एखादी शिंकली, एखादीचा घसा घुरघुरला, तर नेमका तोच पिंजरा उघडून तिला बाहेर काढतात. ती वेगळी राहते आणि बाकीच्या वाचतात. डॉक्टर दुसऱ्या दिवशी येऊन जे सांगणार, ते भाऊंनी आदल्या संध्याकाळीच ऐकलेलं असतं.

त्यामुळे ज्याला नीट ऐकू येत नाही अशा माणसाबद्दल त्यांना भयंकर तिटकारा. दुकानदाराने दोनदा विचारलं, रिक्षावाल्याने चुकीच्या गल्लीत घातलं, की भाऊ थांबून शांतपणे विचारणार, "कान शे का भोक?" हे वाक्य मी, माझी बायको, शेठ आणि एकदा आमदारांचा माणूस, सगळ्यांनी ऐकलंय.

गेम त्यांच्याकडे आला तो सुरतेहून. तिथे त्यांची मुलगी दिलेली आहे. जावयाने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना सासऱ्यांकडे पाठवला, अंड्याचे भाव बघायला. त्यात हा गेम आधीपासून होता. गोष्ट पुढच्या काळातली आहे. सगळी पृथ्वी पाण्याखाली गेलीय, माणसं समुद्राच्या तळाशी काचेच्या शहरांत राहतात आणि पाणबुड्या घेऊन एकमेकांवर तुटून पडतात. मी हे वाचून दाखवलं तेव्हा भाऊंनी कपाळाला हात लावला. "पहिले जमीन बुडाडी दिनी, अन आते पानीमा भांडतस. बठा म्हनावं घरमा."

पण अंधाऱ्या पाण्यात शत्रूची पाणबुडी नुसत्या आवाजावरून ओळखायची असते, हे कळलं आणि भाऊ त्या गेमला चिकटले. शत्रूंना त्यांनी कोंबड्यांवरून नावं दिली. खरखरत येणारी ती सर्दीवाली. मान मुरडण्याचा रोग झालेल्या कोंबडीसारखी वेडीवाकडी फिरणारी ती मानमोडी. इंजिन बंद करून तळाशी दबा धरणारी सगळ्यांत धोकादायक पाणबुडी म्हणजे खुडूक, अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीसारखी. "ती खुडूक शे, मास्तर. बठेल शे. आते हालत नही." आणि मिटल्या डोळ्यांनी माऊस दाबायचे. समुद्रात आग उसळायची. दोन महिन्यांत आठ पातळ्या पार झाल्या.

नवव्या पातळीवर घोडं अडलं. तिथे शत्रू चहूबाजूंनी येतात, आणि भाऊंची पाणबुडी दर वेळी एकाच बाजूने फुटायची. डावीकडून. उजवीकडचा साधा बुडबुडा त्यांना कळायचा, पण डावीकडून अख्खी खुडूक खेटून आली तरी पत्ता नाही. मग त्यांचे शोध सुरू झाले. टेबल दक्षिणेकडून पूर्वेकडे गेलं. तीन हेडफोन झाले. शेवटी मुलीला फोन. "पोरी, तुन्हा कॉम्प्युटरनं डावा आंगनं पानी खराब शे. जावाईले इचार."

त्याच सुमारास त्यांची येरझार वाढली. शेडवर एक फेरी मारणारा माणूस दोन-दोन, तीन-तीन फेऱ्या मारायला लागला. वर नवी तऱ्हा म्हणजे चालता चालता मध्येच गर्रकन गोल फिरायचे. बाजारात कुणी हाक मारली की भाऊ भोवऱ्यासारखे फिरणार आणि मग हाक मारणाऱ्याकडे बघणार. शेठ म्हणाला, यांच्या अंगात पाणबुडी शिरली. मी तर शाळेत शिक्षकांच्या खोलीत त्यांची नक्कल करून दाखवायचो. खडू हातात धरून गोल फिरायचो आणि सगळे हसायचे.

गेल्या रविवारी दुपारी भाऊ पुन्हा हरले. हेडफोन टेबलावर टाकून तोंडावर पाणी मारायला मोरीत गेले. मला त्या गेमची लबाडी एकदाची पकडायची होती. मी नववी पातळी पुन्हा सुरू केली, हेडफोन घातला आणि डोळे मिटले. डावीकडून पाणबुडीच्या पंख्याची घरघर येत होती. अगदी स्वच्छ. माझ्यासारख्या माणसालाही बोट दाखवता यावं इतकी स्वच्छ.

"भाऊ, पाणी चांगलंय," मी विजयाने ओरडलो. "डावीकडचं सगळं ऐकू येतं. तुम्ही एकदा हेडफोन उलटा घालून बघा."

ते ओल्या तोंडाने दारात आले. खांद्यावरच्या पंच्याने सावकाश तोंड पुसलं.

"उलटाबी घाली दखा, मास्तर," ते म्हणाले. "मंग मार उजवा आंगथीन बठस."

मला समजायला जरा वेळच लागला. समजलं तेव्हा हेडफोन कुठे ठेवावा ते कळेना. ते गोल फिरणं म्हणजे उजवा कान आवाजाकडे आणणं होतं. त्या तीन फेऱ्याही त्यासाठीच. आणि मी खडू घेऊन फिरत होतो. लाज वाटली, चांगलीच वाटली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय माहीत." ते खिडकीपासून दारापर्यंत चालत होते. "ती व्हती तवय दिनभर बोले. आते घरमा बोलाले कोनी नही. मंग कान गया हाई समजी कसं? गेममाच समजनं."

वहिनींना जाऊन चार वर्षं झाली. चार वर्षांत या माणसाच्या डाव्या बाजूला बसून कुणी काही बोललंच नव्हतं.

"शेठला सांगितलंत?"

"सांगं तं माले गेटवर बठाडी दी. गेटनं काही नही, मास्तर. पन मन्ही पाखरं." मागे एकदा आमच्या भागात कोंबड्यांचा रोग आला होता आणि शेडच्या शेड रिकाम्या करून कोंबड्या खड्ड्यांत पुराव्या लागल्या होत्या. त्यानंतर आठ दिवस भाऊ जेवले नव्हते, हे मी पाहिलं होतं. "डावा आंगले एखादी शिंकी अन माले समजनं नही, तं?" त्यांनी विचारलं.

"आज मी येतो," मी म्हणालो.

दिवेलागणीला आम्ही शेडच्या दारात औषधाच्या पाण्यात पाय बुडवले. भाऊंनी दिवे घालवले, पंखे बंद केले. "तुम्ही डावा आंगले चाला. बोलू नका. काही आयकू उनं का मन्हा हात दाबा."

आठ हजार कोंबड्या हळूहळू गप्प झाल्या. मग ती शांतता अंगावर यायला लागली. मी पहिल्यांदा हात दाबला तेव्हा नळीतून पाणी ठिबकत होतं. दुसऱ्यांदा एक कोंबडी पिंजरा खरवडत होती. तिसऱ्यांदा माझंच पोट वाजलं होतं. अंधारात हळूच आवाज आला, "मास्तर, कान शे का भोक?"

आणि मग ऐकू आलं. अगदी बारीक. नाकात अडकलेला कोंडा झटकावा इतकंच. मी हात दाबला. भाऊ जागच्या जागी पूर्ण फिरले, उजवा कान रांगेकडे करून थांबले. काही नाही. माझा धीर सुटत चालला तेवढ्यात पुन्हा शिंक आली. ते सरळ गेले, खालचा एक पिंजरा उघडला आणि कोंबडीला दोन्ही हातांनी बाहेर घेतलं. तिची छाती उजव्या कानाला लावली.

"शे," ते म्हणाले. "काल हाई रांगथीन दोन डाव गऊ मी. आयकू नही उनी."

शेडबाहेर आल्यावर त्यांनी तिला वेगळ्या खुराड्यात ठेवलं, पाणी दिलं, वर पोतं टाकलं. ते पोतं चारी बाजूंनी नीट करत राहिले.

"उद्या शेठले सांगसू," ते म्हणाले.

आणि दाराशी पडलेल्या खाद्याच्या गोणीवर ते बसले. खरंच बसले, पाय सोडून, हात मांडीवर ठेवून. शेजारी जागा दोन्हीकडे होती. मी वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो, कारण मला त्यांच्याशी बरंच बोलायचं होतं.